चिपट्यून शिकायचीय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? पेटी वाजवणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर

आधी तुझा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो. तू इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहेस, कोथरूडला मैत्रिणींबरोबर राहतेस, कॉलेजच्या फेस्टसाठी तुम्ही चौघी मिळून जुन्या स्टाइलचा एक छोटा गेम करताय आणि त्यातलं म्युझिक तुझ्या वाट्याला आलंय. पेटीची प्रवेशिका पूर्ण झालेली आहे, मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायच्या पट्ट्या) नाही, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, बजेट शून्य, हातात दोन महिने. आणि ज्याला विचारावं तो एफएल स्टुडिओ, म्हणजे म्युझिक बनवायचं मोठं विकतचं सॉफ्टवेअर, घे म्हणतोय.

माझं उत्तर सरळ आहे, फॅमिस्टुडिओ घे. त्याआधी दोन संध्याकाळी ब्राउझरमध्ये बीपबॉक्स उघडून खेळ. बाकी सगळी नावं, म्हणजे फॅमिट्रॅकर, फर्नेस, एलएसडीजे, गोटट्रॅकर वगैरे, आत्ता बाजूला ठेव, त्यांची वेळ नंतर येईल. मी गेली वीसेक वर्षं छोट्या गेम्सचे आवाज करतोय आणि सुट्टीत मुलांना शिकवतोही, आणि मुलं नेमकी कुठे अडकतात ते इतक्या वेळा बघितलंय की हे ठामपणे सांगू शकतो.

आता का ते सांगतो, आणि ते जरा लांबणार आहे.

चिपट्यून म्हणजे जुन्या कॉम्प्युटर आणि गेम मशीनमधल्या आवाजाच्या चिपवरचं, किंवा तिच्या धर्तीचं, संगीत. तो नुसता पीं पीं आवाज नव्हे. त्या आवाजाची मजा तुटवड्यातून येते. माझी स्वतःची सुरुवात शाळेत झाली. १९८४ च्या सुमारास सरकारने क्लास नावाचा प्रकल्प काढला होता, त्यातून शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले, आमच्याही शाळेत आले. त्यात बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साउंड अशी एक कमांड होती, तिला चार आकडे द्यायचे: चॅनल (एका वेळी एकच सूर वाजवणारी वाट), आवाज किती मोठा, सूर कोणता आणि किती वेळ. साउंड १, -१५, ५३, २० असं टाइप केलं की मधला सी, म्हणजे पेटीवरची पांढरी एक, बरोबर एक सेकंद वाजायची, कारण वेळ सेकंदाच्या विसाव्या भागात मोजायची. एक अर्धस्वर म्हणजे ४ आकडे. म्हणजे ५३ सा धरला तर रे ६१, ग ६९, प ८१, ध ८९ आणि वरचा सा १०१. हे गणित कळलं त्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर अख्खा भूप राग आकड्यात लिहून काढला होता. तीन सूर आणि एक खरखर, एवढंच त्या चिपमध्ये होतं, आणि त्या तीन सुरांत काय काय बसवता येईल याचा विचार डोक्यातून जायचाच नाही.

नेमकी हीच सवय तुला लागायला हवी आणि म्हणूनच एफएल स्टुडिओ आत्ता नको म्हणतोय. सॉफ्टवेअर उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात तुला शंभर ट्रॅक मिळतात, हजार आवाज मिळतात, आवाज घुमवणारा रिव्हर्ब मिळतो, आणि नवीन माणूस सूर सोडून आवाज निवडत बसतो. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी कितीतरी जण महिनाभर प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, ऐकत होते आणि आठ मात्रांची चाल झालेली नव्हती. शिवाय त्याच्या फ्री ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो पण विकत घेईपर्यंत परत उघडता येत नाही, म्हणजे रोज थोडं थोडं काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आणि होस्टेलवर पेनड्राइव्हमधून फिरणारी क्रॅक व्हर्जन घेऊ नकोस प्लीज, प्रोजेक्टच्या आठवड्यात लॅपटॉप फॉरमॅट करावा लागलेली मुलं मी बघितलीयेत.

बीपबॉक्स कशासाठी ते सांगतो. इन्स्टॉल काही नाही, वेबसाइट उघडली की समोर चौकटी, माउसने सूर टाकायचे आणि लगेच ऐकायचे. वर सुरांचे चॅनल, खाली खरखरीचा म्हणजे ड्रमचा चॅनल. स्केल निवडता येतं, पाच सुरांचं निवडलंस तर चुकीचा सूर लागूच शकत नाही. अख्खं गाणं वेब ॲड्रेसमध्येच साठतं, ती लिंक मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली की तिच्याकडे तेच गाणं उघडतं, अकाउंट नाही, फाइल नाही. दोन संध्याकाळी एवढ्यासाठी म्हणालो की तुझ्या डोक्यातली चाल आधी कागदावर उतरावी तशी तिथे उतरू दे. चौथ्या दिवशीही तिथेच असलीस तरी बिघडत नाही, वेव्ह फाइल काढता येते, वेळ कमी पडला तर तीच गेममध्ये टाक. पण बीपबॉक्स कुठल्याही खऱ्या चिपची नक्कल करत नाही, त्याला त्या चिपच्या अडचणी नाहीत, त्यामुळे काही दिवसांनी आवाज सगळ्यांसारखाच यायला लागतो. बोस्का सिओल नावाचंही असंच एक सोपं फुकट सॉफ्टवेअर आहे, आवडलं तर बघ, पण दोन्ही एकदम नको.

आता फॅमिस्टुडिओ. हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि तुझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपला त्याचा काहीही भार पडणार नाही. हे १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या, म्हणजे बाहेर एनईएस म्हणून विकल्या गेलेल्या मशीनच्या चिपसाठी आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे कॅसेटवाले टीव्ही व्हिडिओ गेम होते, ज्यांच्यापायी दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवरून भांडणं व्हायची, ते बहुतेक याच मशीनची नक्कल होते, त्यामुळे जुना गेम म्हटल्यावर आपल्या पिढीच्या कानात जो आवाज येतो तो हाच. तुमचा गेम खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांनाही तो ओळखता येईल.

त्यात पाच चॅनल आहेत. दोन पल्स (चौकोनी लाट), एक ट्रँगल (त्रिकोणी लाट), एक नॉइज (खरखर), आणि पाचवा छोटे रेकॉर्डेड तुकडे वाजवणारा, त्याला पहिले दोन महिने हात लावू नकोस. पल्सला ड्युटी म्हणजे लाटेची रुंदी बदलता येते: साडेबारा टक्के, पंचवीस, पन्नास आणि पंच्याहत्तर. पंच्याहत्तर कानाला पंचवीससारखाच लागतो त्यामुळे खरे तीनच रंग. साडेबाराचा आवाज बारीक आणि नाकातला, सनईच्या जवळ जाणारा. पन्नासचा पोकळ, क्लॅरिनेटसारखा, कारण दोन्हींत हार्मोनिकपैकी, म्हणजे मूळ सुरात मिसळलेल्या वरच्या सुरांपैकी, विषमच जोरात असतात. पंचवीस मधला, भरदार, चाल वाजवायला मी बहुतेक वेळा तोच घेतो. पल्सच्या आवाजाला शून्य ते पंधरा अशा सोळा पायऱ्या आहेत. ट्रँगलला मात्र आवाज कमीजास्त करायची सोयच नाही, वाजतोय किंवा बंद, एवढंच. त्याला बेस द्यायचा. चिपच्या रचनेमुळे पल्सला दिलेलाच आकडा ट्रँगलला दिला तर तो एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे तो बेसला आपोआपच बसतो.

फॅमिस्टुडिओचं खरं मोठेपण म्हणजे पियानो रोल. डावीकडे उभा कीबोर्ड, काळ्या पांढऱ्या पट्ट्या, समोर वेळ आडवी जाते, त्यात सूर लांब-आखूड काढायचे. तू पेटी वाजवतेस म्हणजे पट्ट्या तुला पाठ आहेत, काळी चार कुठे हे शोधावं लागणार नाही. चिप नवीन, लिहायची पद्धत नवीन, असं दोन्ही एकदम शिकायला घेतलं की मुलं सोडून देतात, हे मी खूप वेळा बघितलंय. फॅमिट्रॅकरसारख्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे सूर ओळीओळीने टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेळ वरून खाली पडते, सूर अक्षरात, आवाज हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत), इफेक्ट कोडमध्ये. ते वाईट नाही, मी स्वतः रोज त्यातच काम करतो, पण पहिल्या दिवशी नको.

आता एक गोष्ट करून दाखवतो, म्हणजे हे सगळं हवेत राहणार नाही. ढोल-ताशा घेऊ, पुण्यात राहून तो कानात नाही असं होणार नाही.

ढोल ट्रँगलवर करायचा. नवीन इन्स्ट्रुमेंट बनव, त्याला टिपरू असं नाव दे, त्याच्या अर्पेजिओ एन्व्हलपमध्ये, म्हणजे सूर किती अर्धस्वर वरखाली न्यायचा ते ठरवणाऱ्या तक्त्यात, आकडे काढ: १२, ७, ३, ०, मग -५. म्हणजे सूर लागल्यावर प्रत्येक फ्रेमला, सेकंदाच्या साठाव्या भागात, तो धडाधड खाली घसरतो. व्हॉल्यूम एन्व्हलप पाचसहा फ्रेम चालू आणि मग शून्य. खालचा एखादा सूर दाब, धप्प असा आवाज येईल. नुसता ट्रँगल असेल तर तो जरा गुळगुळीत वाटतो, म्हणून त्याच जागी नॉइज चॅनलवर एकच फ्रेमचा चट् टाक, चामड्यावर काठी बसल्याचा भास होतो. ताशा पूर्ण नॉइजवर. नॉइजला सोळा सूर आहेत, वरचे घे, व्हॉल्यूम १५, ९, ४, ० असा पटकन उतरता. तर्री करायची तर लागोपाठ प्रत्येक जागी नॉइज टाक आणि दर चौथा जोरात, मधले तीन हलके. पहिल्यांदा मशीनगनसारखं वाटेल. मग मधल्या हलक्या ठोक्यांपैकी एखादा काढून टाक, एखादा अजून हलका कर, आणि ऐक, एका क्षणी ती लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीतली तर्री वाटायला लागते. त्या क्षणासाठी मी अजूनही हे काम करतो, खरंच सांगतो.

यात एक अडचण तुला लगेच येईल. ढोल ट्रँगलवर आणि बेसही ट्रँगलवर, मग दोन्ही एकदम कसे? नाहीच होत. ढोल वाजतो तेवढा वेळ बेस थांबतो. पण तो वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असतो आणि कान ते भरून काढतो, वाटतं बेस चालूच आहे. असंच कॉर्डचं. तुला सा-ग-प एकत्र हवेत पण पल्स दोनच आणि त्यातला एक चाल वाजवतोय. मग दुसऱ्या पल्सला ०, ४, ७ असा अर्पेजिओ द्यायचा, तो एकच चॅनल सा, ग, प इतक्या भराभर फिरवतो की तिन्ही एकत्र असल्याचा, जरा थरथरणारा आवाज येतो. कोमल ग हवा तर ०, ३, ७. जुन्या गेममधला तो झर्रर्र आवाज म्हणजे हेच. एकाच सुराला तीन सुरांचं काम करायला लावलंय.

आणि मींड! पेटीवर तुला जी कधीच घेता आली नाही ती इथे घेता येते. फॅमिस्टुडिओमध्ये स्लाइड नोट म्हणून प्रकार आहे, एका सुरावरून दुसऱ्यापर्यंत सरळ ओढायचं. भूपात ग वरून प वर जाताना एकदा ओढून बघ, मग प वर पोचल्यावर थोडा व्हायब्रेटो दे, फार नको. पेटीवाल्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच दाखवतो कारण त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. फक्त फार वरच्या सप्तकात जाऊ नकोस, चिपमध्ये सुरासाठी पूर्णांकच देता येतो आणि वर गेलं की दोन आकड्यांमधलं अंतर मोठं होत जातं, मग सूर किंचित हलतात, तुझ्यासारख्या पेटीवर तयार झालेल्या कानाला ते लगेच खटकेल.

लयीचं गणित एकदा समजून घे, मग घोळ होत नाही. ट्रॅकरमध्ये एका पॅटर्नला, म्हणजे ट्यूनच्या एका तुकड्याला, सहसा ६४ ओळी असतात आणि चार ओळींची एक मात्रा धरली तर बरोबर १६ मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. केरवा हवा तर ३२, दादरा २४, रूपक २८, झपताल ४०. फॅमिस्टुडिओमध्येही पॅटर्नची लांबी अशी बदलता येते. गेमसाठी बहुतेक लोक चारचारच्या लयीतच राहतात, पण तुमच्या गेममध्ये पाण्याखालचं किंवा भुताटकीचं एखादं लेव्हल असेल तर तिथे रूपक टाकून बघ, खेळणाऱ्याला कारण कळत नाही पण पाय अडखळल्यासारखं होतं. ट्रॅकरचा नेहमीचा स्पीड ६ असतो, म्हणजे दर सहा फ्रेमला एक ओळ, सेकंदाला १० ओळी, मिनिटाला १५० मात्रा. पळापळीच्या लेव्हलला हे ठीक. स्पीड ८ केला की मिनिटाला ११२.५ मात्रा, मेन्यू स्क्रीनला छान.

बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण लोक तुला नावं सांगतच राहणार. फॅमिट्रॅकर ह्याच चिपसाठी आहे, विंडोजवर चालतो, मूळ प्रोजेक्ट थंडावला म्हणून लोक आता डीएन-फॅमिट्रॅकर वापरतात. त्यात कॉम्प्युटरचा कीबोर्ड हीच पेटी असते, झेड म्हणजे सी, आणि भूप वाजवायचा तर झेड, एक्स, सी, बी, एन आणि वरचा सा क्यू. हात बसला की माउसपेक्षा खूप वेगाने काम होतं. तिसऱ्या-चौथ्या ट्यूनला तुला पियानो रोल हळू वाटायला लागला तर इकडे ये. फर्नेसमध्ये जुन्या मशीनच्या ढिगाने चिप आहेत, सेगा, गेमबॉय, कमोडोर ६४, आणि माझ्या शाळेतल्या बीबीसी मायक्रोत होती ती एसएन७६४८९ सुद्धा, फुकट आहे आणि फार सुंदर केलंय, पण उघडल्यावर इतक्या खिडक्या दिसतात की पहिल्या आठवड्यात माणूस गांगरतो. एलएसडीजे गेमबॉयवर चालतं, बटणं दाबून सगळं करायचं, ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्यासाठी. कमोडोर ६४ ची सिड चिप मला मनापासून आवडते, १९८२ ची, बॉब यानेस नावाच्या इंजिनिअरने डिझाइन केलेली, तीनच आवाज पण आत खरा फिल्टर, त्यासाठी गोटट्रॅकर आहे, पण तो नवीन माणसाला अजिबात दयामाया दाखवत नाही. पुढच्या वर्षी बघ.

आता एक चूक सांगतो जी माझ्याकडून झाली, ती तू करू नकोस. एका मोबाइल गेमसाठी मी ट्यून केली होती, हेडफोनवर बेस असा घुमत होता की मी खूश. गेम आला, मी मित्राच्या फोनवर लावला आणि बेस गायब. छोट्या स्पीकरला ते खालचे सूर काढताच येत नाहीत, आणि ट्रँगलमध्ये वरचे हार्मोनिक कमी असल्यामुळे मागे काहीच उरत नाही, चाल एकटीच लटकत होती. अख्खा बेस एक सप्तक वर नेऊन परत द्यावा लागला. तेव्हापासून दर आठ मात्रांनी मी फोनवर ऐकतो. तूही रोज रात्री फाइल फोनवर टाकून ऐक, फेस्टमध्ये तर लॅपटॉपचेच स्पीकर असणार. आणि काम करताना ब्लूटूथ इअरफोन नको, आवाज उशिरा येतो, कीबोर्डवर सूर दाबलास आणि तो नंतर ऐकू आला की लय बिघडते. तपकीर गल्लीत साधा वायरवाला इअरफोन घे, तेवढाच एक खर्च.

जुन्या गेमची प्रसिद्ध चाल उचलून थोडी बदलून टाकायचा मोह होईल, विशेषतः कोणी हौसेने सुचवलं तर. नको करूस. पाच सुरांत स्वतःची चार आवर्तनं बसव, ती तुमची असेल.

गेममध्ये टाकताना फाइल एमपी३ करू नकोस. एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते, त्यामुळे ट्यून फिरून परत सुरू होताना दरवेळी टक् असं तुटल्यासारखं होतं आणि तीन तास स्टॉलवर उभ्या असलेल्या तुमच्या मैत्रिणींना त्याचा फार त्रास होईल. ओजीजी किंवा वेव्ह काढ. सुरुवातीचा छोटा तुकडा असेल, जो एकदाच वाजायचाय, तर तो वेगळा एक्सपोर्ट कर आणि फिरणारा भाग वेगळा. गेमच्या कोडवाल्या मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेव, शेवटच्या रात्री कळलं तर तिची चिडचिड होते.

आणि उडी मारणं, नाणं मिळणं, पडणं हे आवाजही फॅमिस्टुडिओतच कर, वेगळ्या साइटवरून आणू नकोस, नाहीतर म्युझिक एका घरचं आणि आवाज दुसऱ्या घरचे वाटतात. खऱ्या मशीनमध्ये नाणं वाजलं की म्युझिकचा एक पल्स तेवढ्यापुरता गप्प बसायचा. तुमच्या गेममध्ये तशी सक्ती नाही, तरी नाण्याचा आवाज चालीच्याच स्वरात ठेव. भूपात ट्यून असेल तर नाण्याला प आणि वरचा सा, दोन छोटे सूर, साडेबाराच्या ड्युटीवर. आज संध्याकाळी हे दोन सूर करून बघ आणि मला पाठव, इन्स्ट्रुमेंट नीट बनलंय की नाही ते तेवढ्यावरून मला कळेल, मग पुढे चालीकडे वळू.